सिबरॉइडचा ठसा

एझ्रा सिबरॉइडने लोखंडी ठसा लाल रंगात बुडवला, डब्याच्या काठावर दोनदा आपटून जादा रंग निथळू दिला आणि नुकत्याच कातरलेल्या मेंढीच्या डाव्या कुशीवर दाबला. मेंढी दचकली. तिला गुडघ्यांत धरून उभा असलेला क्लिफर्डही दचकला, कारण रंगाचे चार थेंब त्याच्या बुटावर आले होते.

"हलू देऊ नकोस म्हटलं ना," एझ्रा म्हणाला.

"मी नाही हलवली. तुम्हीच जोरात दाबलंत."

"आमच्याकडे असंच दाबतात. डोंगरापलीकडे मेंढ्यांची परवानगी घेऊन दाबत असतील."

डोंगरापलीकडे म्हणजे लँकेशर. हॉक्सडेनच्या खोऱ्यातून वर माळावर चढलं आणि पलीकडे उतरलं की झालं, दोन तासांची वाट. पण अलीकडच्या, यॉर्कशरच्या माणसाने त्या दोन तासांचं अंतर मनात फार लांबवून ठेवलं होतं. तिकडच्या लोकांना पाऊस जास्त आणि अक्कल कमी, असं एझ्रा लहानपणापासून ऐकत आला होता आणि मोठेपणी सांगत आला होता. आणि आता त्याची एकुलती एक मुलगी, डोरीन, सप्टेंबरात नेमकी तिकडच्याच एका मुलाशी लग्न करणार होती. क्लिफर्ड एन्टविसल त्याचं नाव. पोरगा कामाला वाघ होता. एझ्राचा खुबा गेली तीन वर्षं दुखत होता, आणि लग्नानंतर दोघांनी इथेच राहून शेत सांभाळावं असं त्याच्याही मनात होतं. फक्त एका गोष्टीवर घोडं अडलं होतं.

एझ्राने पुढच्या मेंढीवर ठसा उमटवला. लाल ‘एस’ स्वच्छ उठला.

"हा माझ्या पणजोबाने लोहाराकडून घडवून घेतला. चार पिढ्या एकच अक्षर. माझ्यानंतर काय, ‘ई’ लावणार?"

"मेंढीला काय फरक पडतो?"

"मला पडतो."

क्लिफर्डने मेंढी सोडून दिली. ती उडी मारून कळपात घुसली.

"वकिलाकडे जाऊन एक कागद केला की नाव बदलतं," एझ्रा म्हणाला. "शनिवारच्या सकाळचं काम आहे. जेवायला घरी परत."

"हे तुम्ही मला चौथ्यांदा सांगताय."

"पाचव्यांदाही सांगेन."

क्लिफर्डने बाहीने कपाळ पुसलं. तो चिडला की आवाज चढवत नसे, उलट हळू बोलायचा.

"माझे वडील गिरणीत विणकर होते. त्यांनी माझ्यासाठी एक घड्याळ ठेवलं आणि एक नाव. घड्याळ बंद पडलंय. नाव तेवढं चालू आहे, ते मी टाकणार नाही. तुमचं जमत नसेल तर माझ्या भावाचा दुधाचा धंदा आहे तिकडे. आम्ही दोघं तिकडे राहू."

एझ्राने ठसा पुन्हा रंगात बुडवला. डोरीन डोंगर उतरून पलीकडे जाणार, हा विचार आला की त्याच्या पोटात खड्डा पडायचा. पण या घरात त्याच्यानंतर सिबरॉइड म्हणून कुणी उरणार नाही, हा विचार आला की त्याहून खोल खड्डा पडायचा. रात्री झोपताना तो दोन्ही खड्डे आळीपाळीने चाचपून पाहत असे.

"चहा झालाय," दारातून एडिथने, त्याच्या बायकोने, हाक मारली. ती सगळं ऐकत उभी होती. "आणि नावाचं म्हणशील तर माझं अटली होतं. पस्तीस वर्षांपूर्वी गेलं. तेव्हा कुणी चर्चा केलेली मला तरी आठवत नाही."

"ती गोष्ट वेगळी," एझ्रा म्हणाला.

"असणारच," एडिथ म्हणाली आणि आत गेली.

*

एझ्राला आता एकच आशा होती, मिस क्रॅबट्रींची. मुलींच्या शाळेत तीस वर्षं लॅटिन शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. शिकवायला मुली उरल्या नाहीत तेव्हा त्यांनी आपला मोर्चा मेलेल्या माणसांकडे वळवला. आठवड्यातून तीन दिवस त्या बसने शहरात जात आणि जुन्या जहागिरीच्या न्यायसभेची चामड्यावर लिहिलेली भेंडोळी वाचत बसत. कुणी जमीन घेतली, कुणाला दंड झाला, सगळं त्यात होतं. त्यात सिबरॉइड घराणं सहाशे वर्षं मागपर्यंत सापडल्याचं त्यांनी एझ्राला फोनवर सांगितलं होतं.

"काय काय सापडलं?" एझ्राने विचारलं होतं.

"ते नीट बसून सांगण्यासारखं आहे, मिस्टर सिबरॉइड."

एझ्राने नीट बसून ऐकण्याचा बेत जरा जास्तच मोठा केला. त्याने चॅपलमागचा हॉल घेतला, ऑगस्टमधला पहिला गुरुवार ठरवला, आणि खोऱ्यात घरोघर सांगत सुटला. त्याचा हिशेब सरळ होता. नाव किती जुनं आहे, बापाकडून मुलाकडे कसं अखंड चालत आलंय, हे क्लिफर्डने चारचौघांत, एका शिकलेल्या बाईच्या तोंडून ऐकावं. माणूस आहे, विरघळेल.

"रॉइड म्हणजे झाडं तोडून, मुळं उपटून मोकळी केलेली जमीन, हे कळतं," शेजारचा सेथ मिजली गडग्यावर कोपरं टेकून म्हणाला. "पण सिब कोण?"

"पहिला पुरुष," एझ्रा म्हणाला. "ज्याने जंगल तोडलं तो. चांगला दांडगा असणार. दाढीवाला."

"दाढी तुला कुणी सांगितली?"

"ओक तोडायचे म्हणजे दाढी लागतेच."

सेथ हसला. त्याचं आडनाव मिजली असलं तरी खोऱ्यात त्याला त्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. त्याचं शेत लो-बँक, म्हणून तो लो-बँक. वरच्या अंगाला राहणारा हाय-ग्रीव्ह, ओढ्याजवळचा क्ले-हाउस. पोस्टमन तसंच म्हणायचा, चॅपलमध्ये तसंच म्हणायचे, आणि मेंढ्यांच्या बाजारात लिलाववाला हातोडा आपटून तसंच पुकारायचा. मिजली हे नाव सेथच्या थडग्यावर लिहायच्या कामी येणार होतं. खोऱ्यात एकटा एझ्राच असा होता की त्याचं शेतही सिबरॉइड आणि आडनावही सिबरॉइड. त्यामुळे लोक त्याला शेताच्या नावाने हाक मारतात की आडनावाने, हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं.

*

गुरुवारी हॉल भरला. लोक इतिहासासाठी आले होते असं म्हणणं धाडसाचं होईल. एडिथने हॅमचे सँडविच केले होते, आल्याचा चिकट पार्किन केक केला होता, आणि एझ्रा व त्याचा होणारा जावई यांच्यात नावावरून जुंपली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्लिफर्ड डोरीनसोबत आत आला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "या या, नवे सिबरॉइड!"

"एन्टविसल," क्लिफर्ड म्हणाला आणि बसला. डोरीनने त्याचा हात दाबला. पुढच्या रांगेत कोट घालून बसलेल्या एझ्राने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झाले.

मिस क्रॅबट्रींनी चष्मा लावला. वर्गात शिकवायच्या तशाच त्या उभ्या राहिल्या, एक हात टेबलावर.

"सिब हे सिबिल या नावाचं घरातलं रूप," त्या म्हणाल्या. "पहिली नोंद तिचीच आहे. सिब, विधवा, हिने धन्याच्या पडीक रानातली तीन एकर जमीन झाडं तोडून मोकळी केली आणि ती धरण्याबद्दल बारा पेनी भरले."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली.

"एझ्रा," सेथ मागून म्हणाला, "दाढी गेली बघ तुझी."

हशा उसळला. एडिथ सगळ्यांत मोठ्याने हसली. एझ्राने हात वर केला, म्हणजे चालू द्या. तो अजून डगमगला नव्हता. बाई तर बाई. ओक तोडणारी बाई म्हणजे काही कमी नव्हे. आता तिचा मुलगा येईल.

"सिबला मुलगा नव्हता," मिस क्रॅबट्री म्हणाल्या. "एक मुलगी होती, ॲलिस. सोळा वर्षांनी पुढची नोंद. ह्यूचा मुलगा ॲडम, ॲलिसशी लग्न करण्याबद्दल आणि तिच्यासोबत ती जमीन धरण्याबद्दल दोन शिलिंग भरतो." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारकुनाने शेजारी लिहून ठेवलंय, हा ॲडम परका आहे. डोंगरापलीकडून आलेला."

या वेळी कुणी लगेच हसलं नाही. सगळ्यांनी आधी एझ्राकडे पाहिलं.

"पलीकडून म्हणजे?" एझ्राने विचारलं.

"रॉसेनडेलकडून."

"लँकेशर!" क्ले-हाउस किंचाळला, आणि मग हॉलमध्ये जे झालं त्याला हसणं म्हणणं कमीच पडेल. लोकांनी बाकं बडवली. कुणीतरी क्लिफर्डच्या पाठीवर थाप मारली. क्लिफर्ड बिचारा खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते, आणि डोरीन त्याला कोपराने ढोसत होती की आता नको, डॅड पाहतायत.

मिस क्रॅबट्रींनी टेबलावर टकटक केलं. तीस वर्षांची सवय होती, हॉल गप्प झाला.

"आता मुख्य गोष्ट. त्यानंतर नऊ वर्षांनी ॲडमला दोन पेनी दंड झालेला आहे. त्याची डुकरं धन्याच्या रानात शिरली म्हणून. पण इथे तो ह्यूचा मुलगा ॲडम राहिलेला नाही. इथे त्याचं नाव आहे सिबरॉइडचा ॲडम. हे आडनाव माणसाला लागलेलं मला सापडलं ते इथे पहिल्यांदा."

"डुकरांपायी," सेथ म्हणाला.

"डुकरांपायी," मिस क्रॅबट्री म्हणाल्या. "आणि असं एकदाच झालेलं नाही. पुढे आणखी दोनदा मुलगा नव्हता. दोन्ही वेळा घरजावई आला. पाच-सात वर्षं त्याला जुन्या नावाने लिहिलंय, आणि मग एके दिवशी सिबरॉइड."

एझ्रा उभा राहिला. खुब्यामुळे त्याला वेळ लागला.

"त्यांना नाव बदलायला कुणी लावलं, मिस?"

"कुणीच नाही. बदलल्याचा कागदही नाही. न्यायसभेत कारकून विचारायचा, हा कोण? मग शेजारी सांगायचे. त्यांना जे तोंडात बसलेलं असेल ते."

एझ्रा खाली बसला. पुढे त्या आणखी अर्धा तास बोलल्या. त्याला त्यातलं काही ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही. तो आपल्या हातांच्या तळव्यांकडे पाहत होता. शरम वाटत होती, हे खरं. बापाकडून मुलाकडे अखंड, असं सांगत तो खोरंभर फिरला होता. सहाशे वर्षांच्या पुरुषांची रांग त्याने मनात उभी केली होती, आणि त्या रांगेच्या टोकाशी डोंगर उतरून आलेला कुणी पोरगा उभा होता, ज्याला गडग्याआड डुकरंसुद्धा नीट कोंडता येत नव्हती.

घरी जाताना सगळे लँडरोव्हरमध्ये बसले होते. क्लिफर्ड गाडी चालवत होता, डोरीन त्याच्या शेजारी, मागे एडिथ आणि एझ्रा. उन्हं अजून माळावर होती. फाटकापाशी पोचायच्या आत मागून एक चमत्कारिक आवाज आला. डोरीनला वाटलं डॅडना ठसका लागला.

"हसतोयस कशाला?" एडिथने विचारलं.

"डुकरं, अगं," एझ्रा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "एवढ्या लांबून आला, एवढं चांगलं लग्न केलं, आणि केलं काय तर डुकरं सोडली."

मग एडिथला हसू आवरेना, आणि डोरीनलाही. क्लिफर्डने शेवटी गाडी कडेला घेऊन थांबवली, कारण हसताना त्याला रस्ता दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वरच्या अंगाला पडलेला गडगा रचत होते. एझ्रा बसल्या बसल्या दगड निवडून देत होता.

"वकिलाचं राहू दे," तो म्हणाला.

क्लिफर्डने हातातला दगड तसाच धरला. "म्हणजे?"

"म्हणजे राहू दे. ॲडम कुठे गेला होता वकिलाकडे? तुझ्या बापाचं नाव तुला लाखाचं असणार, मला काय कळत नाही? शेत करा, इथे राहा, दारावर काय लिहायचं ते लिहा." त्याने खाली पाहून आणखी एक दगड उचलला, चांगला चपटा होता. "नाव माझ्याबरोबर संपलं तर संपलं. पोरगी तरी डोंगराच्या या बाजूला राहील."

क्लिफर्डने हातातला दगड गडग्यात बसवला. लग्न ठरल्यापासून या माणसाला काय म्हणावं हेच त्याला उलगडलं नव्हतं. मिस्टर म्हणणं फार दूरचं वाटायचं, नुसतं नाव घेणं उद्धटपणाचं. म्हणून तो काहीच न म्हणता वाक्यं मधूनच सुरू करायचा.

"तो दगड द्या," तो म्हणाला. "तो इथे बरोबर बसेल."

सप्टेंबरात लग्न झालं. चॅपलच्या वहीत डोरीनने सही केली आणि त्यापुढे ती एन्टविसल झाली. एझ्राने सहीचं पेन तिच्या हातात स्वतः दिलं. जेवणाच्या वेळी तो ग्लास घेऊन उठला आणि म्हणाला की मुलगी लँकेशरकराला दिल्याबद्दल कुणी त्याचं सांत्वन करू नये, कारण असं दिसतं की तो स्वतःही तिकडचाच आहे, फक्त जरा आधी आला. लोकांनी टेबलं बडवली. डोरीन रडली. एडिथनेही रुमाल काढला, पण तो तिने आधी एझ्राच्या हनुवटीवरचा मलईचा डाग पुसायला वापरला.

*

ऑक्टोबरातल्या तिसऱ्या मंगळवारी एडक्यांचा बाजार भरला. हिवाळ्यापूर्वी माद्यांत सोडायला एक चांगला एडका हवा होता, शिंगांची वळणं घट्ट असलेला, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा, लाँक जातीचा. बावन्न वर्षं एझ्रा रिंगणाच्या कठड्याला टेकून स्वतः बोली लावत आला होता. या वर्षी त्याने काठी क्लिफर्डच्या हातात दिली.

"तू निवड. त्या एडक्याच्या पोरांबरोबर पुढची वर्षं तुला काढायचीत. माझं आता नुसतं बघत बसायचं वय झालं."

"चुकलं तर?"

"तर मी तीस वर्षं बोलून दाखवीन. जा."

क्लिफर्ड रिंगणापाशी गेला. एझ्रा वरच्या पायऱ्यांवर सेथच्या शेजारी बसला. खाली एक एक एडका येत होता, भुसा उडवत गोल फिरत होता. एझ्राने क्लिफर्डला पहिले सहा जाऊ देताना पाहिलं. सातवा चांगला होता, तोही त्याने जाऊ दिला. एझ्राने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. नववा आत आला तेव्हा एझ्राच्या लक्षात आलं की पोराने त्याच्या पायांकडे पाहिलं, मग दातांकडे, आणि तोंडाकडे सगळ्यांत शेवटी. एझ्राने त्याला हे कधी शिकवलं नव्हतं. स्वतः मात्र तो तसंच पाहायचा.

बोली चाळीस गिनीपासून चढत गेली. पंचेचाळीसलाच गळणार असं वाटलेला हाय-ग्रीव्ह पन्नासपर्यंत तग धरून राहिला. पंचावन्नला तोही मान हलवून मागे झाला. क्लिफर्डने काठी जराशी उचलली. लिलाववाले मिस्टर हॉर्सफॉल म्हातारे झाले होते. हजार तोंडं त्यांना पाठ होती आणि नवीन तोंड दिसलं की ते कधी विचारत बसत नसत. कठड्याला टेकलेल्या त्या तरुणाकडे त्यांनी पाहिलं, त्याच्या बुटावरच्या लाल रंगाच्या थेंबांकडे पाहिलं, हातोडा उचलला.

"साठ गिनी! एकदा... दोनदा..." हातोडा पडला. "सिबरॉइड!"

बावन्न वर्षांच्या सवयीने एझ्राचा हात आपोआप वर गेला. तो अर्ध्यावर थांबला. खाली कठड्यापाशी क्लिफर्डनेही तोंड उघडलं होतं. एझ्राला माहीत होतं तो काय म्हणणार. एन्टविसल, हेच तो गेले सहा महिने प्रत्येकाला सांगत आला होता, पोस्टमनला, पाद्रीबाबांना, मागच्या बाकावरच्यांना. पण आता कारकून मान खाली घालून लिहीत होता, दहावा एडका दारात आला होता, आणि भोवतालच्या पंचवीस-तीस माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं. क्ले-हाउसने नुसतं म्हटलं, "चांगला घेतलास, सिबरॉइड," आणि पुढच्या एडक्याकडे पाहू लागला.

क्लिफर्डने तोंड मिटलं. मग काठी उंच केली, इथे आहे म्हणून.

सेथने कोपराने एझ्राला ढोसलं.

"अरे, तुला पुकारलं ना. झोपलास की काय?"

अर्ध्यावर अडकलेला हात एझ्राने टोपीपर्यंत नेला, टोपी काढली, आतून एकदा पाहिली आणि पुन्हा घातली. खाली त्याचा जावई एडक्याला शिंगाला धरून दाराकडे नेत होता, आणि एडका त्याला उलट ओढत होता.

"मला नाही," तो म्हणाला. "सिबरॉइड तो काय, तिकडे चाललाय. एडका सुटायच्या आत जाऊन दार धरतो त्याचं."

आणि खुबा दुखत असूनही तो पायऱ्या भराभर उतरला.